नावावर नाही म्हणून माझं नाही का?

मागच्या अंकात मी सहज एक परिच्छेद लिहिला होता, की गोव्यात लग्न रजिस्टर झालं आणि त्याआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको दोघंही सगळ्या मालमत्तेचे अर्ध्या-अर्ध्याचे मालक असतात, मग कागदावर नाव कोणाचंही असो. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा रकाना पूर्ण त्यालाच देतेय. पत्रं कापून छोटी केलीत, गावं-बिवं थोडी इकडची तिकडं केलीत, म्हणजे कोणाची ओळख पटायला नको. एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात होती, ती अशी की घटस्फोटाचा कागद हातात आला म्हणजे वाटणीही झाली असं लोकांना वाटतं. तसं होत नाही हो. त्यामुळे सुरुवात त्याच पत्रापासून, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

ताई, आमचं लग्न २००४ मधलं, साखळी गावाजवळ राहायचो. खाणी जोरात होत्या तेव्हा माझं सोनं मोडून पहिला ट्रक घेतला, मग दुसरा कर्जावर. त्यातूनच घर बांधलं. २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि तिथून घरात भांडणं, दारू, सगळंच. आता घटस्फोट झाला. डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या हुकमात, घराचं काहीच लिहिलेलं नाही. तो म्हणतो घर माझ्या नावावर, ट्रक माझ्या नावावर, तुझं नाव कुठं दाखव. मी नोकरी कधी केली नाही. नावावर नाही म्हणून माझं नाही का?

तुमचं आहे. अर्धं तुमचं आहे, आणि ते लग्नाच्या दिवसापासून आहे, घटस्फोटानंतर कोणी देणार म्हणून नाही. हे आधी मनात पक्कं करा कारण पुढचं सगळं यावरच उभं राहणार आहे.

आपल्याकडे अजून १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदाच लग्न-संसाराच्या बाबतीत चालतो. इथं तो १ जुलै १८७० पासून लागू झाला, खुद्द पोर्तुगालने १९६६ मधे नवा कायदा करून तो बदलला पण आपण १९६१ लाच मुक्त झालो होतो, त्यामुळे आपल्याकडे जुनाच राहिला. त्या कायद्यात लग्नाआधी काही करार केला नसेल तर सगळी संपत्ती सामाईक धरतात, लग्नाआधीची, लग्नानंतरची, कमावलेली, वारशाने आलेली. आणि लग्न मोडलं की ती दोघांत सारखी वाटायची. कोणी किती कमावलं हा प्रश्नच नाही. तुम्ही लिहिलंय 'मी नोकरी कधी केली नाही', ते वाक्य वकिलासमोर लाजत लाजत बोलू नका, त्याचा तुमच्या अर्ध्या वाट्याशी काही संबंध नाही. सोनं मोडल्याची पावती आहे का, किती तोळे होतं, हेही सिद्ध करत बसायची गरज नाही, कारण त्या सोन्यातून झालेला ट्रक आणि ट्रकातून झालेलं घर दोन्ही अर्धं तुमचंच आहे. पावती असेल तर ठेवा, पण ती नाही म्हणून घाबरू नका.

आता डिक्रीचं. घटस्फोटाची डिक्री लग्न संपवते. तिथून पुढं तो जे कमवेल ते त्याचं, तुम्ही जे कमवाल ते तुमचं. पण आधीचं जे आहे ते तसंच गठ्ठ्यात पडून राहतं, ते फोडायला सहसा वेगळी प्रक्रिया करावी लागते, तिला कोर्टात सगळे इन्व्हेंटरी म्हणतात. सिनियर डिव्हिजनच्या सिव्हिल जजकडे अर्ज करायचा. २०१६ च्या डिसेंबरपासून त्यासाठी गोव्याचा स्वतःचा कायदा लागू आहे, वारसा आणि इन्व्हेंटरीचा, त्याच्या नावात मात्र साल २०१२ आहे. तिथं एकाला शपथेवर सगळ्या मालमत्तेची आणि कर्जांची यादी द्यावी लागते, दुसऱ्याला त्यावर हरकत घेता येते की बाबा हे लपवलंय, हे खोटं दाखवलंय. मग किंमत लागते. मग दोघांना बसवून विचारतात की घर कोण घेणार, गाडी कोण घेणार, पैसे कोण घेणार. जमलं तर तिथंच मिटतं.

नाही जमलं तर लिसिटेशन, म्हणजे तुमच्या दोघांतलीच बोली. ज्याची बोली मोठी त्याला ती वस्तू आणि दुसऱ्याला त्याच्या हिश्शाचे पैसे. इथं बायका दोन प्रकारे फसतात. एक म्हणजे, माझ्याकडे पैसे नाहीत म्हणून बोली लावायचीच नाही, आणि तो घर कमी किमतीला घेऊन जातो आणि तुमचा अर्धाही तितकाच कमी होतो. दुसरं म्हणजे रागाच्या भरात बोली चढवत न्यायची आणि मग त्याला द्यायचे पैसे उभे करता येत नाहीत. त्यामुळे घराची बाजारभावाने किंमत आधी स्वतः काढून घ्या, शेजारी कितीला विकलं गेलं, सब-रजिस्ट्रारकडे काय भाव चाललाय, आणि आपला आकडा ठरवून मगच बसा.

कर्ज पण यादीत येणार हे मात्र लक्षात ठेवा. दुसऱ्या ट्रकचं कर्ज संसारासाठीच होतं, त्यावर घर चाललं, तर ते दोघांचं धरलं जाईल आणि वाटणीतून वजा होईल. २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि परत २०१८ ला, त्यात किती घरांचे हप्ते थकले ते डिचोली-सत्तरीत वेगळं सांगायला नको. पण मित्राकडून दारूसाठी, मटक्यासाठी घेतलेले हातउसने, जे त्यानं तुम्हाला न विचारता स्वतःच्या नादात घेतले, ते तुमच्या माथी मारू देऊ नका. प्रत्येक कर्जाला विचारा, कधी घेतलं, कशासाठी, पैसे कुठं गेले.

आज करायचं काम म्हणजे कागद. सर्वे नंबर काढून जमिनीच्या नोंदीचा, म्हणजे फॉर्म एक आणि चौदाचा, उतारा घ्या, घराच्या जमिनीची सेल डीड, पंचायतीची घरपट्टी, ट्रकचा आरसी नंबर, त्याच्या बँकांची आणि सोसायटीची नावं, एलआयसीच्या पॉलिसीचे नंबर. जे माहीत नाही ते कोर्टातून मागवता येतं, पण कुठं मागायचं हे तरी तुम्हाला सांगता आलं पाहिजे ना. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तर १९८७ च्या कायद्यानं बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

मॅडम, मी पेडणे तालुक्यातला. आम्ही दोघे भाऊ, बहीण लग्न होऊन गेली. वडील २०१६ ला वारले, आई आहे. वडिलांचं भाट, म्हणजे बागायती जमीन, आहे, विमानतळ झाल्यापासून त्याला भाव आलाय. माझी बायको आता घटस्फोट मागते आणि भाटाचा अर्धा भाग मागते. वडिलोपार्जित जमीन, तिचा काय संबंध? भावाच्या नावावर आत्ताच करून टाकली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नको. आणि चालणारही नाही. लग्न आहे तोवर स्थावर मालमत्ता विकायला, द्यायला, गहाण टाकायला नवऱ्याला बायकोची संमती लागते, म्हणून तर गोव्यात सेल डीडवर दोघांच्या सह्या घेतात. तिच्या सहीशिवाय केलेला कागद उद्या कोर्टात उघडा पडेल आणि जज तुमच्याकडे ज्या नजरेनं बघायला लागतील ती बाकीच्या प्रत्येक मुद्द्यात तुम्हाला नडेल.

आता संबंध काय ते. तुमचं लग्न २०११ चं, तसं पुढं पत्रात आहे. वडील वारले तेव्हा लग्न चालू होतं. त्या दिवशी तुमच्या वाट्याला जे आलं ते तुमच्या दोघांच्या सामाईक संपत्तीत गेलं. तेव्हा हो, तिचा संबंध आहे. पण ती म्हणते तेवढा नाही आणि तुम्हाला वाटतं तेवढा शून्यही नाही. हिशोब करून बघू. तुमच्या आईवडिलांनीही लग्नाआधी वेगळा करार केला नव्हता आणि वडिलांनी मृत्युपत्र केलं नाही असं धरून चालते. मग भाटाचा अर्धा भाग मुळातच आईचा, तो वारसा नाहीच, ती तिची स्वतःची मालकी. उरलेला अर्धा वडिलांचा, तो मुलांत सारखा. मुलं किती? तुम्ही 'दोघे भाऊ' लिहिलंत. पण बहीण लग्न होऊन गेली म्हणून वाट्यातून गेली नाही, गोव्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे, हा कायदा इतका जुना आणि तरी आपल्या घरात भाऊ मोजताना बहिणीला सोडूनच मोजतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. तर तीन मुलं. अर्ध्याचे तीन भाग, म्हणजे तुमचा एक षष्ठांश. त्यातला अर्धा बायकोचा, म्हणजे अख्ख्या भाटाचा एक बारांश. बाराशे मीटर जमीन असेल तर शंभर मीटर. एवढ्यासाठी तुम्ही भावाला आणि आईला कोर्टात ओढणार आहात का, आणि तीही 'अर्धं भाट' म्हणून किती वर्षं भांडणार आहे, याचा विचार दोघांनी करा.

आईचा अर्धा भाग आई जिवंत आहे तोवर कोणाचाच वारसा नाही. घटस्फोट झाल्यानंतर आई गेली तर त्यातलं तुमच्या वाट्याला येईल ते तुमचं एकट्याचं. आधी गेली तर तेही सामाईक. हे लिहिताना मला बरं वाटत नाही पण तुम्ही विचारलंय आणि खरं ते सांगायला पाहिजे.

आणि हाच नियम उलट दिशेनंही चालतो हं. तुमच्या बायकोला तिच्या वडिलांकडून लग्न चालू असताना काही आलं असेल तर त्याचा अर्धा तुमचा. यादी करताना तेही मांडा. माझा सल्ला असा की एका बारांशाची किंमत काढा, तिला तुकडा नको असतो, कारण चुलत्या-पुतण्यांच्या मधोमध शंभर मीटर घेऊन ती करणार काय, तिला पैसे द्या, बँकेतल्या ठेवीतून किंवा गाडीच्या बदल्यात, आणि लिहून, कोर्टापुढं मांडून मोकळे व्हा. एक मात्र बघून घ्या, भाटात कोणी मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, किंवा कूळ आहे का. असेल तर उताऱ्यावर दिसणारं क्षेत्र सगळं तुमच्या हातात नाही, आणि किंमत त्याप्रमाणे खाली येते.

मी वास्कोत सासरी राहते. घर सासूबाईंच्या नावावर आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या पगारातून वरचा मजला बांधला, किचन केलं. आता केस सुरू झाली तर सासूबाई रोज म्हणतात, 'तुजें हांगा कितें आसा?', म्हणजे तुझं इथं काय आहे? तुम्ही म्हणता अर्धं, मग या घराचं अर्धं मला मिळेल ना?

नाही मिळणार, आणि हे मी स्पष्ट सांगते कारण याच आशेवर तुम्ही दुसरं सगळं सोडून द्याल अशी मला भीती वाटतेय. अर्धं म्हणजे नवरा-बायकोच्या मालकीचं अर्धं. सासूबाईंचं घर सासूबाईंचं आहे, त्यांचा मुलगाही अजून त्यात मालक नाही.

पण म्हणून तुम्हाला हाकलता येतं असं नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा गोव्यातही आहे, त्यात ज्या घरात बाई नांदली त्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि २०२० मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क सांगता येतो. तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, आणि कायमचाही नाही, कोर्ट त्याऐवजी दुसरीकडे भाड्यानं घर घेऊन द्यायला सांगू शकतं. तरी रोजच्या त्या बोलण्याला उत्तर म्हणून पुरेसा आहे. स्वतःहून बॅग भरून बाहेर पडू नका, वकिलाला विचारल्याशिवाय तर नाहीच, अर्थात मारहाण होत असेल तर आधी जीव सांभाळा आणि बाकीचं नंतर.

वरच्या मजल्याचा खर्च हा वेगळा विषय. तो पैसा तुमच्या दोघांच्या सामाईक संपत्तीतून गेला, तर तो खर्च परत मागायचा दावा करता येतो, पण त्यासाठी कागद लागणार. कॉन्ट्रॅक्टरला चेक दिला होता का, सिमेंट-स्टीलची बिलं, पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी कोणाच्या अर्जावर आली, तुमच्या खात्याचं त्या काळातलं स्टेटमेंट. गूगल पेवरचं सगळं काढून ठेवा. रोख दिलं असेल तर निदान गवंड्याचं नाव-गाव लिहून ठेवा.

नवऱ्याच्या नावावर काय आहे याची तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही! त्याच्या ठेवी, शेअर्स, गाडी, कुठं प्लॉट बुक केलाय का. तुमचं अर्धं तिथं आहे. आणि तुमच्या पगारातून तुम्ही टाकलेली एफडी, तीही यादीत येणार, ती लपवू नका. पोटगीचं प्रकरण याहून वेगळं, पोटगी म्हणजे पुढं जगण्यासाठी, वाटणी म्हणजे जे आधीच तुमचं आहे ते, 'पोटगी घेतेस ना मग वाटा कसला' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पोटगीचा अर्ज केलात तर त्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टानं २०२० मधेच ते देशभर बंधनकारक केलंय, आणि त्या शपथपत्रातून नवऱ्याच्या ज्या गोष्टी तुम्हाला माहीत नव्हत्या त्या बाहेर येतात. तो कागद वाटणीतही उपयोगी पडतो.

नवरा बोटीवर असतो. नऊ वर्षं आम्ही वेगळे आहोत पण कोर्टात कधी गेलो नाही, मुलीसाठी म्हणून. मी पर्वरीला माझ्या कमाईनं छोटा फ्लॅट घेतला. त्याचा त्यात काही हक्क नाही ना?

आहे, अर्धा. मला माहितीये हे वाचून तुम्हाला कसं वाटेल. पण वेगळं राहणं म्हणजे कायद्यानं वेगळं होणं नाही, कोर्टाची डिक्री होईपर्यंत सामाईक मालकी चालूच राहते, त्यामुळे या नऊ वर्षांत तुम्ही जे घेतलं त्यात तो आहे आणि त्यानं बोटीवर जे कमावून साठवलं त्यात तुम्ही आहात. दुसरी बाजू तुम्ही कधी धरलीच नसेल. उद्या फ्लॅट विकायचा म्हटलं तर त्याची सही लागेल, तो बोटीवर असेल तर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, आणि तो देईलच असं नाही.

मुलगी आता कॉलेजात आहे असं तुम्ही लिहिलंय. तर आता थांबू नका. दर वर्षी जे तुम्ही साठवाल ते याच गठ्ठ्यात जाणार. लगेच घटस्फोट नको असेल तर फक्त मालमत्ता वेगळी करून मागायचीही सोय त्या जुन्या कायद्यात आहे, नवऱ्याच्या कारभारानं बायकोचं नुकसान व्हायचा धोका असेल तेव्हा, पण तुमच्या बाबतीत ती लागू होते का हे वकिलानं कागद बघूनच ठरवायला हवं. आणि त्याचं परदेशातलं खातं वगैरे असेल तर इथल्या कोर्टाला तिथं हात घालणं अवघड जातं, म्हणून एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथल्या बँकेतलं खातं, इथल्या ठेवी, गावचं घर, जे इथं आहे ते आधी यादीत घ्या.

आम्ही दोघंही आयटीत, भांडण काही नाही, फक्त जमत नाही म्हणून वेगळे होतोय. ताळगावला एक फ्लॅट, पुण्यात एक, दोन्हीवर जॉइंट लोन, एसआयपी, एक गाडी. कमीत कमी त्रासात कसं करावं?

भांडण नाही हे वाचून खरंच बरं वाटलं. तुम्ही दोघं एका बैठकीत एकच शीट करा, एका बाजूला जे आहे ते आणि दुसऱ्या बाजूला देणं, आणि किमती एकाच तारखेच्या घ्या, कारण एसआयपी आजच्या भावानं आणि फ्लॅट खरेदीच्या भावानं धरला की तिथंच पहिलं भांडण सुरू होतं. पुण्याचा फ्लॅट बाहेर आहे म्हणून शीटमधून वगळू नका. २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं वारशाच्या एका केसमधे सांगितलंय की मूळ गोवेकराची मालमत्ता मुंबईत असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्यानं ठरतो. तुमचं प्रकरण वारशाचं नाही, पण वकिलाला हा निकाल दाखवा.

लोनचं नीट समजून घ्या. तुम्ही आपसात काहीही ठरवा, बँकेला तुमचा करार लागू नाही, बँकेसाठी तुम्ही दोघंही पूर्ण कर्जाचे देणेकरी. ताळगावचा तुला, पुण्याचा मला असं ठरलं तर दोन्ही लोन एकेकाच्या नावावर करून घ्या, बँक दुसऱ्याचं नाव काढायला एकट्याचा पगार पुरतो का बघेल, आणि नाही पुरला तर एक फ्लॅट विकून कर्ज फेडणं जास्त शहाणपणाचं. तसंच नुसता साधा करार करून फ्लॅटची मालकी बदलत नाही, ते रजिस्टर व्हायला पाहिजे.

टॅक्सचं तुम्हाला बहुतेक माहीत असेल, गोव्यातल्या सामाईक मालकीमुळे आयकर कायद्याप्रमाणे भाडं, व्याज, भांडवली नफा हे दोघांत अर्धं-अर्धं दाखवतात आणि पगार मात्र ज्याचा त्याचा. यावरून पुष्कळांचा असा समज होतो की पगारातून साठवलेलं पण ज्याचं त्याचं. ते फक्त रिटर्नपुरतं आहे, वाटणीत पगारातून केलेली बचत सामाईकच धरतात. घटस्फोटानंतर सीएला सांगून ते अर्धं-अर्धं दाखवणं बंद करा. आणि सगळीकडचे नॉमिनी बदला, पीएफ, विमा, डीमॅट, हे इतके लोक विसरतात की मग दहा वर्षांनी दुसऱ्या संसारातली बायको आणि पहिल्या लग्नातली नॉमिनी समोरासमोर येतात.

लग्न रजिस्टर करायची पहिली सही झाली, दुसरी पुढच्या महिन्यात. होणाऱ्या नवऱ्याचा मोठा धंदा आहे, त्याची आई म्हणते मालमत्ता वेगळी ठेवायचा करार आधी कर. मला अपमान वाटतोय. करू का?

अपमान वाटून घेऊ नका आणि घाईही करू नका. असा करार कायदेशीर आहे, तो लग्नाआधीच, म्हणजे दुसऱ्या सहीच्या आधी, सब-रजिस्ट्रारकडे जे नोटरीचं काम करतात त्यांच्यापुढं करायचा असतो, आणि एकदा लग्न झालं की तो बदलता येत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. धंद्यात कर्ज बुडालं तर वेगळी मालमत्ता तुम्हाला वाचवते हेही खरं आहे. पण तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर नोकरी सोडून त्यांच्याच ऑफिसचं काम बघायचं ठरलंय. मग पूर्ण वेगळी मालमत्ता मी तरी मान्य करणार नाही, कारण तुमची सगळी मेहनत त्याच्या नावावर जमा होत राहील आणि तुमच्या नावावर काहीच नाही. कायद्यात मधला पर्याय आहे, लग्नाआधीचं आणि वारशाचं ज्याचं त्याचं, आणि लग्नानंतर कमावलेलं दोघांचं. तो पुढं करा. मसुदा त्यांच्या वकिलानं केला तरी तुमचा स्वतःचा वकील घेऊन वाचा, कोकणीत किंवा मराठीत प्रत्येक ओळ समजावून घ्या. आणि महिन्याभरात जमलं नाही तर दुसरी सही पुढं ढकला. हॉल बुक झालाय म्हणून सही करू नका, गोव्यात ती सही म्हणजेच लग्न, नंतर विधी झाले नाहीत तरी सुटायला कोर्टातच जावं लागतं.

माझी बहीण कुडाळला दिली आहे. तिचा पण घटस्फोट चाललाय. तिलाही अर्धं मिळेल का?

तिचं लग्न तिकडचं आणि सासर तिकडचं असेल तर नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा चालतो, तिथं ज्याच्या नावावर त्याचं, बायकोला एकरकमी किंवा महिन्याची पोटगी मागता येते आणि लग्नात दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंचा निकाल कोर्ट लावू शकतं. स्त्रीधन मात्र पूर्ण तिचं, १९८५ पासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं स्पष्ट आहे की सासरच्यांकडे ते नुसतं सांभाळायला असतं. तेव्हा तिनं दागिन्यांची यादी करावी, लग्नाच्या अल्बममधले फोटो, सोनाराची बिलं, लॉकर कोणाच्या नावावर ते, आणि घरासाठी तिनं स्वतःचे पैसे भरले असतील तर त्या ट्रान्सफरच्या नोंदी बँकेतून काढून घ्याव्यात. जुनी स्टेटमेंट्स काढायला बँक वेळ लावते, अर्ज याच आठवड्यात देऊ दे तिला.